फोटोतल्यांची हजेरी

“तुम्ही मुलांना मालिका दाखवता म्हणे,” मुख्याध्यापक श्यामसुंदर सर मला म्हणाले.

“दाखवते. दर शुक्रवारी, शेवटच्या तासाला. तुम्हाला यायचं असेल तर मागच्या बाकावर जागा आहे.”

सर काही आले नाहीत. मूल्यशिक्षणाच्या तासाला मूल्यं शिकवावीत, रडारड शिकवू नये, एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. बोलणं संपवायचं असलं की ते चष्मा पुसतात. मीही उठले. विश्रांतवाडीच्या या शाळेत मला सव्वीस वर्षं झाली आणि तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की शिकले आहे. सूचना लेखी येत नाही तोवर ती गप्पांत धरायची.

मालिकेचं कारण सांगते. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाची आई गेली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बत्तीस जणांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि तेहेतिसाव्याने त्याच्याच खाली विचारलं, गणिताचा होमवर्क कुणी केलाय का. आठवड्याने तो मुलगा शाळेत आला, तेव्हा त्याच्या शेजारी कुणी बसेना. मुलं वाईट नव्हती हो. काय बोलायचं तेच कुणाला माहीत नव्हतं. आणि मी, त्यांची वर्गशिक्षिका, मी काय केलं? पाठीवर हात ठेवून म्हटलं, “अभ्यासात मन रमव.” त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून यंदा नववी ब हाती आली तेव्हा ठरवलं, की हे शिकवायचंच. बोधकथा वाचून दाखवली की मुलं छान उत्तरं लिहितात आणि घंटा झाली की विसरतात. त्यापेक्षा त्यांच्या घरात रोज साडेसातला जे चालू असतं तेच वर्गात आणावं. ‘नांदतं घर इनामदारांचं’. माझ्या वर्गातल्या अडतीस घरांपैकी तीस घरांत ही मालिका बघतात. उरलेली आठ खोटं बोलतात.

दाखवताना मी आवाज बंद ठेवते. मालिकेत कुणी रडायला लागलं की सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात आणि मागे ढोल बडवतात. ढोल गेला की नुसते चेहरे उरतात. माझा नियम एकच. रडणाऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्याकडे बघायला कॅमेरा आहे. जो गप्प आहे त्याला शोधायचं. मागे उभी असलेली स्वयंपाकीण, दाराशी थांबलेला दीर. हा का बोलत नाही, याला आत्ता कुणी काय म्हटलेलं चालेल, ते सांगायचं.

पहिले दोन शुक्रवार तेजसने, म्हणजे आमच्या वर्गाच्या विनोदवीराने, प्रत्येक पात्राच्या तोंडी स्वतःचे संवाद घातले आणि वर्ग हसून लोळला. तिसऱ्या शुक्रवारी तोच एकदम म्हणाला, “बाई, ती स्वयंपाकीण बघा. पोळपाटावर काहीच नाहीये. ती नुसतं लाटणं फिरवतीये.” मला इतका आनंद झाला की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. सुखदेव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाला आहे, फार बोलत नाही. म्हणाला, “चला, मालिकावाल्यांना एक तरी प्रेक्षक मिळाला.”

एकूण काय, मी स्वतःवर खूश होते. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

या मालिकेत अण्णासाहेब इनामदार नावाचं एक पात्र आहे. ते पहिल्या भागाच्या आधीच वारलेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांचा फोटो, अंगात कोट, कपाळाला गंध, वर चंदनाचा हार. त्यांची मुलगी ईश्वरी दर भागात एकदा तरी त्या फोटोशी बोलते. ऑगस्टमध्ये अण्णासाहेबांच्या स्मृतिदिनाचा भाग आला. सगळं घर रडत होतं. मी चित्र थांबवलं आणि विचारलं, “यात सगळ्यांत गप्प कोण?”

“फोटोकाका!” तेजस ओरडला.

वर्ग फुटला. मीही हसले. वर मलाच काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, “छान. वह्या काढा. तुम्ही तो फोटो आहात. पाच ओळी लिहा.”

मुलांनी झकास लिहिलं. हार टोचतो. सून धूळ पुसत नाही. मी मेलोय तरी लाइटबिल माझ्याच नावावर येतं. मी मोठ्याने वाचून दाखवत होते आणि मुलं बाक वाजवत होती. एकच पान कोरं होतं, तिसऱ्या बाकावरच्या दीपालीचं. त्यावर मी लाल पेनने लिहिलं, ‘कंटाळा आला का?’

दीपाली यंदाच आमच्याकडे आली होती. प्रवेशाच्या अर्जावर वडिलांच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहिलेलं होतं. आम्हा बौद्धांच्या घरांत कैलासवासी लिहीत नाहीत, हा शब्द लिहितात, त्यामुळे मुलगी आपल्यातली आहे आणि वडील नाहीत, दोन्ही मला एकदमच कळलं. जूनमध्ये एकदा ती टेबलापाशी येऊन म्हणाली होती, “बाई, हजेरी घेताना नुसतं दीपाली म्हणाल का? पूर्ण नाव नको.” मी बरं म्हटलं. का, ते विचारलं नाही. गप्प माणसं शोधायला शिकवणारी मी, माझ्याच वर्गातली मला दिसली नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत दीपालीने अपेक्षाच्या कानाखाली वाजवली.

अपेक्षा तिच्याच बाकावर बसते. धानोरीच्या जुन्या गावातली, तोंडाने बडबडी आणि मनाने निर्मळ. गालावर बोटं उमटलेली आणि ती रडत सांगत होती, “मी काही चुकीचं नाही बोलले बाई. तो फोटो हिच्या पप्पांचाच आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांना माहितीये. जिवंतपणी हार घालून घेतला म्हणून ते गेले. आमची आजी पण म्हणते.”

मी दीपालीला शिक्षकखोलीत नेलं. तिने आधीच सांगून टाकलं, “मी सॉरी म्हणणार नाही.”

“नको म्हणू. फोटो खरंच तुझ्या वडिलांचा आहे?”

तिने मान हलवली. मग जे बोलली ते खिडकीकडे बघून बोलली. तिचे वडील राकेश आळंदी रोडच्या एका बंगल्यात शूटिंगचा जनरेटर सांभाळायचे. मालिका सुरू होत होती, मेलेल्या अण्णासाहेबांचा फोटो हवा होता आणि ठरलेल्या नटाने आयत्या वेळी नाही म्हटलं. जिवंतपणी हार नको. मग मेकअपवाला नको म्हणाला, स्वयंपाकी नको म्हणाला, सगळ्यांनी हात वर केले. राकेशचा चेहरा भारदस्त होता.

“पप्पांनी घरी फोन केला. मम्मी म्हणाली नको. मी फोन ओढून घेतला बाई.”

“आणि?”

“म्हटलं, पप्पा, आपल्यात असलं मानत नाहीत ना? तुम्हीच सांगता. मग करा ना, टीव्हीवर दिसाल.” तिने नाक पुसलं. “ते हसले. म्हणाले, जनरेटरवाल्याचा इनामदार करतायत, सोडतोय का मी.”

सव्वा वर्षाने, मार्चमध्ये, कामावर निघताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. एक्केचाळीस वर्षांचे होते.

“पुण्यानुमोदनाला सगळे पांढरे कपडे घालून बसले होते. भन्तेजी पुढे बोलत होते आणि मागे आमच्याच मावश्या कुजबुजत होत्या, कशाला घालून घ्यायचा हार. आमच्याच, बाई.” आता ती चिडली होती. “घरी पप्पांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ते चोर वाटतात. चांगला फोटो एकच आहे, तो त्या मालिकेत आहे. म्हणून मी रोज बघते. मम्मी उठून आत जाते.”

माझ्या डोळ्यांपुढे लाल पेनचे ते तीन शब्द आले. मला खोल खड्ड्यात जावंसं वाटलं.

“बाई, खरं सांगा. हारामुळे झालं असेल का? म्हणजे माझ्यामुळे?”

“नाही,” मी म्हटलं. हृदयाच्या नळ्या, धूर, जागरणं, आनुवंशिकता, सगळं सांगितलं. मी विज्ञानही शिकवते, मला ते छान सांगता येतं. ती शांतपणे ऐकत होती.

“मग तुम्ही तुमच्या फोटोला घालाल?”

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी गप्प राहिले. फार नाही, तीन सेकंद. पण गप्प राहिलेल्या माणसाकडे बघायचं हे मीच तर त्या मुलीला महिनाभर शिकवलं होतं.

“बघा,” ती म्हणाली आणि वर्गात निघून गेली.

मला इतका संताप आला होता, की घरी जाताना रिक्षावाल्याशी उगाच भांडले. संताप स्वतःचाच. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी लिंबू-मिरची बांधली नाही, मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला वाट देतो. आणि मी तीन सेकंद घालवले.

विश्रांतवाडी चौकात वेणूबाईंचं फुलांचं दुकान आहे. हार मागितला तर त्यांनी हळहळत विचारलं, “कोण गेलं, बाई?”

“कुणी नाही. माझ्या फोटोला घालायचाय.”

वेणूबाईंनी दिलेला हार हातातून परत काढून घेतला. “माझ्या दुकानातून नाही. दुसरीकडं जा.”

“मग सुटी फुलं द्या.”

सुट्या फुलांना नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना. पावशेर शेवंती रागारागाने पुडीत बांधून दिली.

घरी येऊन आदर्श शिक्षिका पुरस्काराच्या वेळचा फोटो काढला, त्यात मी बरी दिसते. ओवायला बसले. सुखदेव समोर दोऱ्याचं टोक धरून बसला होता. हार तयार झाला आणि माझा हात थांबला. स्वतःचं काही वाटत नव्हतं. मला चेतन आठवला, आमचा मुलगा. तो रोज बाइकवरून हिंजवडीला जातो. उद्या त्याला साधं खरचटलं तरी लोक काय म्हणतील, त्याहून म्हणजे मी स्वतःला काय म्हणेन, हेच डोक्यात घोळत राहिलं.

“घाबरलीस?” सुखदेवने विचारलं.

“हो.”

“मग घाल. न घाबरता घातलास तर त्या पोरीला काय उपयोग त्याचा?”

मंगळवारी पहिल्या तासाला मी फळ्याशेजारी खिळा ठोकला आणि माझा हार घातलेला फोटो लावला.

“काल मला एकीने प्रश्न विचारला आणि मी गप्प बसले,” मी म्हटलं. “हे उत्तर. एक दिवस उशिरा देतेय, त्याचे मार्क कापून घ्या. फोटो इथेच राहील. मी रोज येते का ते बघत चला.” मग दीपालीची वही मागून घेतली, लाल शब्दांवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘माझं चुकलं. आम्रपाली.’ ती वही तिने बराच वेळ उघडीच ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. फोटोकडे मात्र पाहत होती. तिला माझी खात्री वाटत नव्हती आणि ते बरोबरच होतं. एक फोटो काय, कुणीही लावेल.

“आणि तुम्ही कुणी घरून फोटो आणायचे नाहीत,” मी वर्गाला बजावलं.

नववीतल्या मुलांना हे सांगितल्यावर जे होतं ते झालं. बुधवारी अपेक्षा आली. वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्वतःचा पासपोर्ट साइज फोटो, त्याला पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली कण्हेरीची चार फुलं. ती दीपालीला सॉरी वगैरे काही म्हणाली नाही. माझ्या फोटोखाली स्वतःचा लावला, हात झटकले आणि बाकावर जाऊन बसली. तिची मान ताठ होती आणि गुडघा बाकाखाली थरथरत होता, ते मला टेबलावरून दिसलं. दीपालीलाही दिसलं असणार.

गुरुवारी अकरा आले. तेजसने गणपतीच्या सजावटीतला प्लास्टिकचा हार आणला. “बाई, आईला माहीत नाही. हा धुऊन परत माळ्यावर ठेवायचाय.” कुणी ओळखपत्रच टांगलं, कुणी चौथीतला गॅदरिंगचा फोटो, त्यात तो झाड झाला होता. एका मुलीने फोटो आणला पण हात पुढे होईना, ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, भीती वाटते तर वाटू दे, तुझा फोटो दप्तरात राहिला तरी तू आमचीच आहेस. शेजारच्या तिघी उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मागच्या वर्षी हे मला जमलं नव्हतं आणि यांना जमलं.

शुक्रवार सकाळपर्यंत भिंतीवर एकोणतीस फोटो झाले. फोटोतली सगळी माणसं समोर बाकांवर बसून एकमेकांच्या खोड्या काढत होती. दीपालीचा फोटो नव्हता.

शाळा भरताच सरांनी बोलावून घेतलं. पालकांचे फोन आले होते. “मॅडम, ही शाळा आहे का स्मशान? आत्ताच्या आत्ता ते फोटो काढा.”

“काढते. लेखी द्या.”

“काय लेखी द्या?”

“फोटोला हार घातल्याने माणूस दगावतो, सबब फोटो काढून टाकावेत. एवढं लिहा, खाली सही, शाळेचा शिक्का. मी वर्गात वाचून दाखवते आणि काढते. पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन छापलाय, त्या पानात तुमचा कागद घालून ठेवते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवून ते बसून राहिले. तेवढ्यात आमच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला आणि मी धावले.

वर्गात एक म्हातारी उभी होती, नऊवारी लुगडं, हातात काठी. अपेक्षाची आजी, यमुनाबाई. तिने काठीनेच नातीचा फोटो खाली पाडला होता.

“कुटं हाय ती बाई? तू व्हय? जित्त्या पोरीला हार घालतीस? मेली का ती? मेली का?” तिने वाकून फोटोचा हार ओढला, दोरा तुटला आणि कण्हेरीची फुलं फरशीवर पडली. “एक ल्योक ग्येला माजा. आता नातीला बी घालवता?”

“आजी, बास ना,” अपेक्षा रडवेली होऊन म्हणाली.

“तू गप बस! त्या इनामदारानं बी असाच घालून घ्येतला हुता. काय झालं त्याचं? ग्येला का न्हाय?”

मी पुढे झाले, पण माझ्याआधी तिसऱ्या बाकावरून दीपाली उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते. वाटलं, ही आता म्हातारीलाही मारते की काय.

“आजी,” ती म्हणाली, “तुमचा मुलगा गेला ना. त्याच्या फोटोला आधी कुणी हार घातला होता का?”

यमुनाबाईने काठी दोन्ही हातांनी धरली. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं नाही. अडतीस मुलं त्या गप्प झालेल्या म्हातारीकडे बघत होती आणि तिच्या बोलण्याची वाट बघत होती. सर माझ्या मागोमाग येऊन दारात थांबले होते, हातात कागद तसाच.

“न्हाय,” शेवटी यमुनाबाई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “कुनी घालनार? फोटूच नव्हता संतोषचा. मेथीच्या जुड्या टेंपूत भरल्या आन् मार्केट यार्डाला ग्येला. जाताना म्हनला, आये, दुपारच्याला भाकर गरम ठेव.” ती खाली बसायला काहीतरी शोधू लागली. तेजसने चटकन आपला बाक रिकामा करून दिला. “टेंपू उलटला. हार न्हाई का काय न्हाई.”

“मग लोक काय म्हणाले?” दीपालीने विचारलं.

“लोक कशाला, मीच म्हनले. सुनंचा पायगुन वाईट म्हनले. लगीन हून वरीस झालं नव्हतं. माहेरी धाडली मी तिला.” म्हातारी काठीकडे बघत बोलत होती. “कुनाला तरी बोल लावल्याबिगर झोप येत न्हाई, पोरी. पर तिनं तरी काय केलं हुतं? तिनं कुटं हार घातला हुता?”

अपेक्षाने हे आधी कधी ऐकलं नसावं, ती आजीकडे बघतच राहिली. दीपालीही तशीच उभी होती. तिचे खांदे खाली आले, ते मला दिसलं. मी हृदयाच्या नळ्या सांगितल्या होत्या तेव्हा आले नव्हते.

अपेक्षा आजीच्या कानाशी लागून काहीतरी बोलली, तशी यमुनाबाईने मान वर केली. “म्हंजी त्यो इनामदार तुजा बाप?”

“हो.”

“रोज बगते मी. थोर मानूस म्हनून त्येच्यासमोर डोक्यावर पदर घेते.”

दीपाली हसली. जूनपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. “आजी, ते जनरेटर चालवायचे.”

“आसू दे की. मानूस चांगला दिसतो.” म्हातारीने फरशीवरची फुलं वेचायला घेतली. अपेक्षाने दिलेला दोरा बघून तिने नाक मुरडलं. “हार असा बांदत्यात व्हय? धा मिंटात सुटंल.” तिने स्वतः त्यातली तीन फुलं ओवली, दोन गाठी मारल्या आणि नातीच्या फोटोला हार घालून तो खिळ्यावर अडकवला. अडकवताना तिचा हात माझ्यासारखाच थांबला होता. पण तिने अडकवला.

दीपालीने कंपासपेटी उघडली. तिच्या तळाशी तिचा पासपोर्ट फोटो होता, त्याला बांधलेला दोरा मळलेला होता, म्हणजे बुधवारपासूनच तो तिथे असणार. म्हातारीच्या हातून उरलेलं एक फूल तिने दोऱ्यात अडकवलं आणि फोटो अपेक्षाच्या शेजारी लावला.

“मॅडम,” सर दारातून म्हणाले, “या फोटोंचं मग…”

“तुमचा कागद झाला का लिहून?”

सरांनी कागदाची घडी घातली. त्यावर एक अक्षर नव्हतं.

“मग जरा थांबा सर. अजून हजेरी व्हायचीय. फोटोतले सगळे आहेत का ते बघून घेऊ.”

मी हजेरीपट उघडला. एरवी ही मुलं हजर म्हणताना जांभई देतात. त्या दिवशी एकेक जण उठून उभा राहिला आणि असा ओरडला की शेजारची नववी अ दाराशी जमली. अपेक्षाने हजर म्हटलं तेव्हा यमुनाबाईने पदर तोंडाला लावला. तेजसने दोनदा म्हटलं, एकदा स्वतःचं आणि एकदा फोटोचं. दीपालीचा प्रवेश सगळ्यांत शेवटी झालेला, त्यामुळे तिचा नंबर अडतिसावा.

“दीपाली,” मी म्हटलं.

ती उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“बाई,” ती म्हणाली, “पूर्ण नाव घ्या.”

“दीपाली राकेश भालशंकर.”

“हजर!”